नवीन बांधलेल्या इंजिनाचं बॅक कॉम्प्रेशन: इंजिन पुन्हा खोलण्याआधी काय तपासायचं

इंजिनकाम करून गाडी घरी आणावी, आठवडाभर जपून चालवावी, आणि एका सकाळी बॉनेट उघडल्यावर ऑइलचं गेज, म्हणजे तेल मोजायची पट्टी, जागेवरून दोन बोटं वर आलेलं दिसावं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कडेला ताजं तेल. एअर फिल्टरच्या डब्यात तेलाचा ओलावा. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण फिरवून नुसतं वर ठेवलं तर ते थडथड उडतं आणि खालून धूर फुत्कारतो. गॅरेजमध्ये दाखवलं की निकाल जागेवरच मिळतो: "बॅक कॉम्प्रेशन हाय साहेब. रिंगा बसल्या नाहीत. परत खोलायला लागंल."

बॅक कॉम्प्रेशन म्हणजे इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्ये, पिस्टनखालच्या पोकळीत, गॅसचा दाब साठणं; रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची, गॅस अडवणारी कडी. कधीकधी हा निकाल बरोबर असतो. पण तो तपासाशिवाय दिलेला असतो, आणि चुकला तर भुर्दंड मोठा. इंजिन पुन्हा खोलायचं म्हणजे हेडचं पॅकिंग नवीन, बऱ्याच गाड्यांत हेडचे बोल्टही नवीन, तेल-कूलंट नवीन, मजुरी वेगळी. एवढं करून रिंगा ठणठणीत निघाल्या तर मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणून इंजिनाला पाना लावण्याआधी तीन गोष्टी कळल्याच पाहिजेत: खालच्या चेंबरमध्ये येणारा गॅस किती आहे, तो कुठून येतोय, आणि त्याला बाहेर जायला वाट आहे का. यातलं बरंचसं पारदर्शक नळी आणि प्लास्टिकची पिशवी एवढ्या सामानावर कळतं.

सातारा-सांगली पट्ट्याला हा विषय परका नाही. किर्लोस्करवाडी १९१०ची, साताऱ्याचा कूपर कारखाना १९२२चा. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा फुकफुकणारा ब्रीदर, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारी नळी, पाहत इथल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या आहेत. फरक इतकाच की त्या इंजिनाचा ब्रीदर उघडा होता. आजच्या कारमध्ये तो बंद नळ्यांमधून फिरतो, त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही.

गॅस खाली येतोच कसा

पेट्रोल किंवा डिझेल जळतं तेव्हा पिस्टनच्या डोक्यावर प्रचंड दाब येतो. पूर्ण लोडवर पेट्रोल इंजिनात तो ५० बारच्या पुढे जातो, डिझेलमध्ये १००च्या पुढे. एवढा दाब अडवायला पिस्टन आणि बोअरच्या (सिलेंडरच्या आतल्या भिंतीच्या) मध्ये असतात फक्त दोन पातळ रिंगा. तिसरी रिंग तेल खरवडण्याची. दर स्फोटाला थोडा गॅस रिंगांना चुकवून खाली उतरतो. हा गळणारा गॅस कधीच शून्य नसतो. चांगल्या स्थितीतल्या इंजिनातही सिलेंडरमध्ये गेलेल्या मिश्रणाच्या साधारण एक टक्क्याच्या आसपास खाली जातो. नवीन इंजिनात, रिंगा बोअरवर घासून बसेपर्यंत, त्याहून जास्त. म्हणजे ताज्या इंजिनाच्या ब्रीदरमधून थोडा धूर दिसला म्हणून काळजाचा ठोका चुकायचं कारण नाही.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "पिस्टन खाली येतो, खालची हवा दाबतो, म्हणून चेंबरमध्ये प्रेशर होतं" असं पुष्कळ जण सांगतात. चार सिलेंडरच्या इंजिनात दोन पिस्टन खाली येत असतात तेव्हा दोन वर जात असतात. खालची एकूण जागा जवळजवळ तेवढीच राहते. त्या हालचालीने हवा डचमळते, झाकण थरथरतं, पण सरासरी दाब वाढत नाही. तो वाढतो तो बाहेरून आत शिरलेल्या गॅसमुळेच. झाकण उडण्याच्या परीक्षेवर माझा म्हणूनच फार विश्वास नाही. बऱ्याच निरोगी डिझेल इंजिनांवरही झाकण थोडंफार नाचतं. ती शंका घ्यायला ठीक आहे, निकालाला नाही.

रिंग गॅस अडवते कशी, हेही समजून घ्यायला हवं, कारण नवीन इंजिनाची निम्मी गोष्ट त्यातच आहे. रिंगेची स्वतःची स्प्रिंग तशी कमकुवत असते. ती बोअरला घट्ट दाबली जाते ती गॅसच्याच जोरावर. वरून आलेला गॅस खाचेत, रिंगेच्या पाठीमागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. सायकलच्या पंपातला चामड्याचा वॉशर आठवा: दांडा हळू दाबला तर हवा निसटते, जोरात दाबला की वॉशरची कड पसरते आणि पंप धरतो. रिंगेचंही तसंच. इंजिनावर लोड आला की रिंग बोअरला चिकटते, नुसत्या आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, ढिली राहते. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे रनिंग-इनच्या (नवीन इंजिन रुळवण्याच्या) वेळी कामाला येईल.

वाट मोकळी आहे का

खाली उतरलेला गॅस बाहेर काढायची सोय प्रत्येक इंजिनात असते. जुन्या ट्रॅक्टरला एक पाइप सरळ जमिनीकडे सोडलेला असायचा. कारमध्ये तो गॅस टॅपेट कव्हरमधल्या जाळीतून किंवा वेगळ्या सेपरेटरमधून जातो, तेलाचे थेंब तिथे अडतात, आणि उरलेला गॅस इनटेककडे (हवा आत घेणाऱ्या वाटेकडे) खेचला जाऊन पुन्हा जळतो. पेट्रोल गाडीत या वाटेवर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे हा गॅस हिशेबात सोडणारी झडप, असतो. टर्बो गाडीत बहुधा दोन वाटा असतात: एक मॅनिफोल्डकडे (सिलेंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपाकडे), दुसरी टर्बोच्या तोंडाकडे, आणि मॅनिफोल्डच्या वाटेवर एकेरी व्हॉल्व्ह. तो एकेरी व्हॉल्व्ह बाद असला किंवा उलटा बसवला, तर टर्बोची दाबलेली हवा त्याच नळीने मागे फिरून थेट इंजिनाच्या पोटात शिरते. रिंगा उत्तम, बोअर उत्तम, तरी गेज उडतं.

नुकत्याच बांधलेल्या इंजिनात ही वाट बंद होण्याची खास कारणं असतात, आणि ती सगळी बांधणीच्या टेबलावर जन्माला येतात. टॅपेट कव्हर केमिकलमध्ये बुडवून वरवर धुतलं, पण आतली जाळी पत्र्याच्या मागे असल्याने तिथला जुना चिखल फुगून तसाच राहिला. सिलिकॉन हात सैल सोडून लावलं आणि त्याची वळी ब्रीदरच्या भोकात गेली. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचं पॅकिंग दिसायला सारखं, पण एकात तेल आणि हवा खाली-वर जायचं भोक नाही. ब्रीदरची रबरी नळी वळणावर दुमडून आत चपटी झाली. हे सगळं वरून दिसत नाही. नळी काढून तोंडाने फुंकून बघावी लागते.

त्याआधी आणखी एक अगदी साधी गोष्ट: तेलाची पातळी. "नवीन इंजिन आहे, थोडं जास्तच टाका" म्हणून अर्धा-पाऊण लिटर जादा घातलेलं असतं. पातळी फार वर गेली की क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा खालचा दांडा, त्यात बुडून तेल घुसळतो, फेस होतो, आणि ब्रीदरमधून तेलाचा फवारा बाहेर पडतो. तेल गेजच्या खुणांमध्ये आणा, मगच पुढचा तपास करा.

पाण्याची नळी

आता मोजमाप. गवंडी लेव्हल धरायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. तीन-चार मीटर घ्या. एका फळीवर इंग्रजी यू आकारात बांधा, दोन्ही बाजूंना निदान मीटरभर उंची ठेवा, तळात रंगवलेलं पाणी भरा आणि मागे पट्टी लावा. नळीचं एक टोक मोकळं. दुसरं टोक ऑइल गेजच्या पाइपात रबरी बुच लावून हवाबंद बसवा. फळी इंजिनाच्या उंचीला पण बाजूला, पंख्यापासून दूर. मीटरभर उंची मुद्दाम सांगितली, कारण इंजिनाने ओढ घेतली तर पाणी त्याच्या दिशेने चढतं आणि ते इंजिनात जाता कामा नये.

इंजिन नेहमीच्या तापमानाला येऊ द्या. ऑइलचं झाकण घट्ट, ब्रीदरच्या सगळ्या नळ्या जागेवर. आयडलिंगला नळीतलं पाणी बघा. पेट्रोल गाडीत सगळं ठीक असेल तर पाणी इंजिनाच्या बाजूला थोडं वर सरकतं, म्हणजे आत हलकी ओढ आहे. कितीची, ते कंपनीगणिक बदलतं. डिझेलमध्ये पाणी शून्याच्या आसपास किंवा किंचित ओढीत असतं. पाणी वरखाली नाचत असेल तर नळी बोटाने थोडी चिमटा, सरासरी स्थिर दिसेल. पाणी उघड्या टोकाकडे वर ढकललं गेलं तर आत दाब आहे. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल, जेमतेम ०.१४ पीएसआय. टायरच्या गेजचा काटा इतक्याने हलायचाही नाही, म्हणून पंक्चरवाल्याच्या गेजने हे मोजता येत नाही. पण आयडलिंगलाच एवढा दाब कायम राहत असेल तर तो ऑइलसीलला पुरेसा त्रास देतो. सील तेल अडवायला बनवलेलं असतं. मागून दाब आला की तेल त्याच्या ओठाखालून वाट काढतं.

फळी लावलेलीच ठेवून आता ब्रीदरची नळी इनटेकच्या टोकाला काढा आणि मोकळी सोडा. पाणी झपकन शून्यावर आलं तर अडथळा त्या टोकापलीकडे आहे, किंवा तिकडूनच दाब येत होता. पाणी तसंच राहिलं तर एक तर टॅपेट कव्हरच्या आत वाट बंद आहे, नाहीतर गॅस इतका आहे की वाट त्याला पुरत नाही. मग ऑइलचं झाकण उघडा आणि तिथे हात धरा. हळूहळू, निवांत येणारी वाफ म्हणजे वाट बंद असण्याची शक्यता जास्त. सतत, जोरात येणारा झोत म्हणजे गॅसच जास्त.

नुसत्या हाताच्या अंदाजावर थांबायची गरज नाही. गॅस किती, हे पिशवीने मोजता येतं. दहा लिटरची पातळ प्लास्टिक पिशवी घ्या, आधी बादलीने पाणी ओतून ती खरंच दहा लिटरची आहे का ते बघा, मग कोरडी करा. बाकी सगळी तोंडं बंद करून ब्रीदरच्या मोकळ्या नळीला पिशवी बांधा आणि मोबाइलच्या घड्याळावर ती भरायला लागणारा वेळ मोजा. तीस सेकंद लागले तर मिनिटाला २० लिटर. पिशवी फुगून ताठ व्हायच्या आत काढा, आणि हे उघड्यावर, गरम सायलेन्सरपासून लांब करा, कारण त्या गॅसमध्ये तेलाची आणि इंधनाची वाफ असते. आयडलिंगला एकदा, २५०० आरपीएमला एकदा मोजून, किलोमीटरच्या आकड्यासह वहीत लिहून ठेवा. त्या एका आकड्याने लगेच निकाल लागत नाही, पण पाचशे किलोमीटरनंतर हेच पुन्हा मोजलं की खरं कळतं. वेळ वाढत चालला, म्हणजे पिशवी उशिरा भरायला लागली, तर रिंगा बसतायत; इंजिनाला हात लावू नका. तेवढाच राहिला किंवा कमी झाला, तर पुढे बघा.

रिंगांशिवायच्या वाटा

डिझेल गाडीच्या बाबतीत मी हा भाग नेहमी आधी बघायला सांगतो, कारण इथे सापडलं तर इंजिन खोलायचं वाचतं.

ब्रेकला बूस्टर लागतो, बूस्टरला व्हॅक्यूम लागतो, आणि डिझेल इंजिन तो पेट्रोलसारखा इनटेकमधून देऊ शकत नाही. म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बहुधा कॅमशाफ्टच्या टोकाला. हा पंप बूस्टरमधली हवा खेचतो आणि ती सोडतो कुठे? इंजिनाच्या आतच. व्हॅक्यूमच्या नळ्या घट्ट असतील तर पहिल्या काही सेकंदांत बूस्टर रिकामा होतो आणि पंपाला खेचायला काही उरत नाही. पण नळीला चीर असेल तर पंप बाहेरची हवा दिवसभर इंजिनात भरत बसतो. कराडकडून एक डिझेल गाडी अशीच आली होती. काम दुसरीकडे झालेलं, मालकाला रिंगा बदलायला सांगितलेलं. ब्रेकचा पेडल कडक लागतो हे ते दादा बोलता बोलता सांगून गेले. पंपाकडची व्हॅक्यूमची नळी काढून पंपाचं तोंड अंगठ्याने बंद केलं, आणि फळीवरचं पाणी सगळ्यांदेखत खाली आलं. बूस्टरच्या कोपऱ्यातला रबरी बाक इंजिन चढवताना दाबला जाऊन फाटला होता. हा प्रयोग गाडी उभी असतानाच करायचा. नळी काढलेल्या गाडीला ब्रेक नीट लागत नाही.

दुसरी वाट नोझलची, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची. ज्या इंजिनात नोझल टॅपेट कव्हरच्या आतून जातात, तिथे नोझलखालचा तांब्याचा वॉशर जुनाच वापरला किंवा बसायची जागा साफ केली नाही, तर स्फोटाचा गॅस थेट कव्हरमध्ये येतो. नोझल बाहेरून बसत असतील तर बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो आणि चक्-चक् आवाज येतो, म्हणून ते लवकर सापडतं. आतले लपून राहतात.

तिसरी टर्बोची. टर्बोच्या शाफ्टचं सील गेलं असेल तर हवा आणि एक्झॉस्टचा गॅस तेलाच्या परतीच्या पाइपातून चेंबरमध्ये उतरतो. याची खूण अशी की आयडलिंगला पाणी शांत असतं आणि चढावर, बूस्ट आला की दाब वाढतो. साताऱ्यात यवतेश्वरच्या चढाला गाडी घातली की गेज वर येतं आणि सपाटीवर काही होत नाही, असं कुणी सांगितलं तर टर्बो आणि तो एकेरी व्हॉल्व्ह आधी बघावा. अर्थात रिंगांचा दोषही लोडवर वाढतोच, म्हणून फक्त यावरून टर्बोला दोषी धरू नये.

दोष कुठल्या सिलेंडरचा, याचा अंदाज एकेक सिलेंडर बंद करून येतो. आयडलिंगला एकेका नोझलचं विजेचं कनेक्टर काढायचं आणि ब्रीदरचा झोत बघायचा. खराब सिलेंडरचं जळणं थांबलं की झोत लगेच मऊ पडतो. सगळ्यांना सारखाच फरक पडत असेल तर दोष एका पिस्टनचा नाही. होनिंग (बोअरवर बारीक रेघा पाडणारं घासकाम) किंवा रनिंग-इन सगळीकडेच चुकलं असण्याची शक्यता वाढते. फक्त कनेक्टरच काढा. कॉमन रेल डिझेलचा लोखंडी पाइप चालू इंजिनावर कधीही सैल करू नये. त्यातला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो, आणि ती धार कातडी भेदून आत शिरते.

रनिंग-इनला संधी

इतर वाटा तपासून झाल्या, गॅस रिंगांमधूनच येतोय असं दिसलं, तरी लगेच खोलायचं नाही. आधी विचारायचं, इंजिन चालवलं कसं?

आपल्याकडे "नवीन इंजिन आहे, दोन-तीन तास तसंच चालू ठेवा" असा सल्ला अजून दिला जातो. विहिरीवरच्या जाड लोखंडी इंजिनावर तो कदाचित खपला असेल. कारच्या इंजिनाला तो मारक आहे. आयडलिंगवर सिलेंडरमधला दाब कमी, म्हणून रिंग बोअरला दाबलीच जात नाही. होनिंगच्या बारीक रेघांमधलं तेल मात्र तापून चिकट होतं आणि रेघा भरून काढतं. बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो. मग रिंगेला घासून बसायला काही उरत नाही आणि गॅस निसटत राहतो. आधीचे रनिंग-इनचे नियम पाळणारी, अगदी जपून, चाळीसच्या स्पीडने चालवणारी माणसं नेमकी इथे अडकतात. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून हे पाहून वाईट वाटतं.

इंजिन पहिल्यांदा चालू झाल्यावर तेलाचा दाब, गळती, तापमान बघण्यापुरता वेळ उभं ठेवा आणि रस्त्यावर काढा. साताऱ्याहून कोरेगावकडे, सांगलीहून तासगावकडे, गर्दी नसेल अशा वेळी. तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये चाळीसवरून साठ-पासष्टपर्यंत मध्यम जोर देऊन न्या, मग अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गियरमध्येच हळू होऊ द्या. असं पुन्हा पुन्हा. जोर देताना रिंग दाबली जाते. सोडल्यावर सिलेंडरमध्ये ओढ होते, थोडं तेल वर येतं, रिंगा थंड होतात आणि घासलेली धूळ वाहून जाते. पूर्ण लोड नाही, भरलेली गाडी घेऊन महाबळेश्वर नाही, एकाच स्पीडवर तासभर हायवेही नाही. तेल आणि फिल्टर लवकर बदला, पहिल्याच काही शे किलोमीटरला. त्यात रिंगा-बोअरची झिजलेली लोखंडी पूड असते. बऱ्याच इंजिनांत यानेच गॅस खूप कमी होतो. हजार किलोमीटरनंतरही पिशवी तितक्याच सेकंदांत भरत असेल, तर मात्र बोअरची चमक अशा चालवण्याने जाणार नाही.

कॉम्प्रेशन मोजताना उंची विसरू नका

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे स्टार्टर मारून प्रत्येक सिलेंडरचा दाब गेजवर मोजणं, सगळ्यांना माहीत असते: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. पेट्रोलला साधारण १७० ते २०० पीएसआय, डिझेलला ३५० ते ४५० च्या आसपास, आणि सिलेंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक नको.

पण मॅन्युअलमधला आकडा बहुधा समुद्रसपाटीचा असतो. सातारा शहर सातशे मीटरच्या वर आहे. इथली हवाच सुमारे आठ टक्के विरळ, त्यामुळे सिलेंडरमध्ये जाणारी हवा तेवढी कमी आणि गेजवरचा आकडाही तेवढाच कमी. मुंबईत १८० दाखवणारं इंजिन साताऱ्यात १६५ च्या आसपास दाखवेल आणि साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात १५३ च्या. सांगली खाली आहे, तिथे फरक थोडा कमी. इंजिनात काहीही बिघडलेलं नसताना "कॉम्प्रेशन कमी आहे" असं सांगून ते खोलणं हे याच हिशेबाच्या अज्ञानातून होतं. आकड्यापेक्षा सिलेंडरांमधला फरक जास्त बोलका असतो.

पेट्रोल इंजिनात कमी आकड्याच्या सिलेंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजतात. आकडा झपकन वाढला तर दोष रिंगांकडे, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे. डिझेलमध्ये हे करू नका. तिथे पिस्टनवरची जागा इतकी लहान असते की चमचाभर तेलानेच आकडा खोटा वाढतो, जास्त झालं तर इंजिन अडकून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

यापेक्षा खात्रीची परीक्षा म्हणजे लीक-डाउन. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, प्लगच्या भोकातून सुमारे ७ बार हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते गेजवर वाचायचं. सोबत कान लावायचा. इनटेककडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं पॅकिंग किंवा भेग, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, बोअर किंवा फुटका पिस्टन. रुळलेल्या इंजिनात दहा टक्क्यांच्या आत चांगलं. नवीन इंजिनाला थोडी सवलत द्यावी, पण वीस-पंचवीसच्या पुढे आणि हवा झाकणातून येत असेल तर दोष आत आहे. ही परीक्षा करताना क्रँकवरचा पाना कधीही हातात धरू नका. ७५ मिलिमीटरच्या पिस्टनवर ७ बार म्हणजे तीनशे किलोंचा जोर. पिस्टन टोकावरून जरा सरकला तर पाना गरकन फिरतो आणि हात मोडतो.

खोलायचंच असेल तर

आता खोला, पण साफ करण्याआधी बघा. पिस्टन बाहेर काढताना सिलेंडरचा क्रमांक आणि रिंगेची दिशा टिपून फोटो घ्या. रिंगेचा बाहेरचा चेहरा उजेडात फिरवा. बसलेल्या रिंगेवर पूर्ण गोलात सारखा चमकदार पट्टा दिसतो. पट्टा मध्येच तुटत असेल, एका बाजूला चमक आणि समोरच्या बाजूला मूळचा मळकट रंग तसाच असेल, तर रिंग गोल आहे आणि बोअर गोल नाही, किंवा उलट. पिस्टनच्या अंगावर रिंगांच्या खाली काळा ओघळ दिसला तर गॅस तिथूनच उतरत होता. पट्टा कुठेच नीट नाही आणि बोअर आरशासारखा आहे, तर होनिंगच्या रेघा भरल्या गेल्या आहेत. मग नवीन होनिंग आणि नवीन रिंगा एवढ्यावर काम भागू शकतं.

दुसऱ्या रिंगेवरची खूण बघा. वरची बाजू दाखवणारं अक्षर पिस्टनच्या डोक्याकडे हवं. ती उलटी बसली तर तेल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते. रिंगांचे गॅप (टोकांमधली फट) एका रेषेत ठेवल्यामुळे सगळं झालं, असं मात्र मी सहसा मानत नाही. रिंगा चालताना खाचेत फिरत असतात. बांधताना गॅप वेगवेगळ्या बाजूंना ठेवावेत, पण एवढ्या एका कारणाने इंजिन बाद होत नाही.

गॅप मोजायचा तो रिंग बोअरमध्ये सरळ बसवून, पिस्टन उलटा धरून तिला खाली ढकलून, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी). साध्या पेट्रोल इंजिनात ७५ मिलिमीटर बोअरला ०.३० च्या आसपास गॅप चालतो. नक्की आकडा कंपनीचा घ्यावा. बोअर ०.१० मिलिमीटरने मोठा झाला की परीघ वाढून गॅप ०.३१ ने वाढतो, म्हणून ०.६० गॅप दिसला तर रिंग चुकीची नसून बोअर जास्त कापला गेला असेल. गॅप खूपच लहान असणं जास्त वाईट. तापून टोकं एकमेकांना भिडली की रिंग फुगून बोअर ओरबाडते.

बोअर साबणाच्या गरम पाण्याने धुतला होता का, हेही विचारा. होनिंगची वाळू डिझेलने निघत नाही. पांढऱ्या फडक्यावर तेल लावून पुसल्यावर फडकं करडं होत असेल तर ती अजून तिथेच आहे, आणि काही शे किलोमीटरांतच ती नवीन रिंगा झिजवून टाकते.

शेवटी बोअर गेज लावा: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. एका सिलेंडरचे सहा आकडे. हे माप बोअरिंगवाला, इंजिन बांधणारा मिस्त्री आणि मालक असे तिघे उभे असताना घ्यावं, आणि तिथल्या तिथे कागदावर लिहून तिघांनी बघावं. बोअरची गोलाई हेडचे बोल्ट आवळल्यावरही थोडी बदलते. म्हणून ज्यांच्याकडे टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टांनी आवळायची जाड पाटी) आहे त्यांच्याकडे ती लावूनच होनिंग करून घ्यावं, चार पैसे जास्त गेले तरी.